बहात्तर सुकेळी

बाबांना मी शेवटचं चालताबोलताना पाहिलं, तेव्हा ते अंगठ्याने एक केळं दाबून बघत होते.

सकाळचे नऊ वाजले होते. व्हिएतनाममधल्या मुई ने नावाच्या समुद्रकाठच्या गावात, आमच्या गेस्ट हाउससमोरच्या रस्त्यावर, आम्ही तिघं सायगॉनच्या बसची वाट बघत उभे होतो. तिथून आई-बाबांचं मुंबईचं विमान होतं. मी पुढे एकटी डोंगरावरच्या दा लातला जाणार होते आणि मग आणखी पाच आठवडे, पाठीवर पिशवी घेऊन, पाय नेतील तिकडे. आई बॅगेवर बसून चौथ्यांदा पासपोर्ट मोजत होती. पासपोर्ट दोनच होते. बाबांचं लक्ष पासपोर्टांकडे नव्हतं, विमानाकडे नव्हतं आणि पोटची मुलगी परमुलखात एकटी सोडून चाललोय, याकडेही नव्हतं. ते गेस्ट हाउसच्या गच्चीवर होतं. तिथे बांबूच्या ताटीवर बहात्तर सोललेली केळी उन्हात पडली होती. त्यांतलं हे एक बाबांनी नमुन्यादाखल खाली आणलं होतं.

“अजून पाच दिवस,” ते म्हणाले. “रोज दुपारी एकदा उलटायची. दव पडायच्या आत टोपलीत. टोपलीवर फडकं टाकायचं, झाकण नाही. जीव घुसमटतो त्यांचा.”

“हो, बाबा.”

“हो काय? काय करणार ते सांग.”

मी चौतीस वर्षांची आहे. एका कॉलेजात ग्रंथपाल आहे; अठ्ठावीस हजार पुस्तकं माझ्या शब्दावर रांगेत उभी असतात. तरी दोन जर्मन तरुणांच्या देखत मी भर रस्त्यात धडा म्हणून दाखवला. दुपारी उलटायची, दवाआधी टोपली, फडकं, झाकण नाही. जर्मनांपैकी एकाने गंभीरपणे मान डोलावली. आमच्याकडे निरोप घेताना असंच काही म्हणतात, असं त्याला वाटलं असावं.

आता ही केळी तिथे आली कशी, हे सांगायला हवं. (घरी आमची बोली वेगळी आहे. सगळ्यांना कळावं म्हणून इथे सगळ्यांना मी सरळ मराठीत बोलायला लावलं आहे.)

मार्चमध्ये मी तीन महिन्यांची बिनपगारी रजा घेऊन निघाले, तेव्हा वसईतल्या आमच्या उमेळे गावात पहिली शंका आली ती माझ्या नोकरीबद्दल. लूर्डस आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, आमच्या शेजारच्याच घरात राहते. तिने मला विहिरीमागे नेऊन विचारलं, “काढून टाकलं का गं तुला? मला सांग, मी कोणाला सांगत नाही.” पलीकडच्या घरात शेल्डन अंकल. ते बावीस वर्षं बहरीनला होते, त्यामुळे परदेश हा विषय आमच्या आळीने त्यांच्या नावे करून दिलेला आहे. ते म्हणाले, “बॅकपॅक म्हणजे गरिबांचं फिरणं. तुला काय कमी आहे? ट्रॉली बॅग घे.” शेवटी मी खरोखर फिरतेय की कुठे तोंड लपवून बसलेय, याची खातरजमा करायला एप्रिलच्या शेवटी आई-बाबा स्वतःच अकरा दिवसांसाठी आले. तसं ते म्हणाले नाहीत. ‘तिकीट स्वस्त मिळालं’ असं म्हणाले.

अकरा दिवस मी त्यांना राजवाडे, संग्रहालयं आणि युद्धातले बोगदे दाखवले. बाबांनी प्रत्येक ठिकाणी आवारातली झाडं बघितली. आई रोज संध्याकाळी माझे कपडे धुऊन माझ्याच पिशवीत घड्या घालून ठेवायची आणि वर विचारायची, “एवढीच पिशवी? आणि हिच्यात तीन महिने?” मी चार पुस्तकं नेली होती. अकरा दिवसांत सतरा पानं झाली.

मुई नेला रस्त्याच्या कडेने बांबूच्या ताट्यांवर मासळी वाळत घातलेली होती. बाबा थांबले. त्यांनी तळहात पुढे केला आणि दुकानात कापडाचा पोत बघावा तसं ते ऊन बघितलं.

“एलिसा, हे सुकेळीचं ऊन आहे.”

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सुकेळी म्हणजे आमच्या वसईकडची वाळवलेली केळी. पिकलेली राजेळी केळी सोलून अख्खीच्या अख्खी सात-आठ दिवस उन्हात ठेवायची, रोज उलटायची आणि मधासारखा रंग आला की केळीच्याच सुक्या पानांत गुंडाळायची. बाबा दर उन्हाळ्यात अंगणात करायचे. चार वर्षांपूर्वी समोरच्या वाडीच्या जागी सात मजली इमारत उभी राहिली आणि दुपारी दोननंतरचं ऊन तिने घेतलं. अर्ध्या उन्हात केळं सुकत नाही, सडतं. बाबा सोसायटीच्या सेक्रेटरीला जाऊन भेटले. सेक्रेटरी सभ्य माणूस, म्हणाला, लेखी अर्ज द्या. बाबांनी अर्ज दिला. ‘विषय: आमच्या उन्हाबाबत.’ खाली सही, फ्रान्सिस. सहा महिन्यांनी उत्तर आलं की सदर बाब सोसायटीच्या अखत्यारीत येत नाही. बाबांनी ताट्या माळ्यावर टाकल्या आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

तर मुई नेला दुसऱ्या दिवशी सकाळीच ते बाजारातून केळ्यांचा अख्खा घड खांद्यावर घेऊन आले. “राजेळी नाही, पण राजेळीची चुलत बहीण आहे,” एवढंच म्हणाले. घरमालकिणीने ताटी दिली, टोपली दिली, सोलायलाही बसली. तिला मराठी येत नव्हतं आणि बाबांना व्हिएतनामी, पण दोघांचं दोन तास छान चाललं होतं. व्हिएतनामवर मी सहा पुस्तकं वाचून गेले होते. मला कोणी काही विचारलं नाही.

बहात्तर केळी सोलून, ओळीने मांडून झाल्यावर आईने हात पुसत विचारलं, “आपण परवा निघतोय ना?”

बाबांनी ताटीकडे बघितलं. सुकेळीला आठ दिवस लागतात हे त्यांना वयाच्या सहाव्या वर्षापासून ठाऊक होतं. परतीचं तिकीट त्यांनी स्वतःच काढलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात राहत होत्या, पण त्यांची भेट झाली नव्हती.

मग दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं.

तर असे आम्ही रस्त्यावर उभे होतो.

“इथेच राहिली असतीस पाच दिवस,” बाबा म्हणाले.

“माझं बुकिंग झालंय, बाबा. दा लातलाही ऊन असतं.”

“असतं?”

“असतं.”

सहापैकी एकाही पुस्तकात असं लिहिलेलं नव्हतं. फ्रेंच लोक उन्हापासून पळून जिथे जायचे, ते गाव म्हणजे दा लात.

बस आली. आईने माझ्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला, मग रडली, मग पुन्हा एकदा पासपोर्ट मोजले. बाबांनी ते केळं माझ्या हातात दिलं. “हे वर नेऊन ठेव. मधली रांग, उजवीकडून तिसरं.” आणि ते बसमध्ये चढले. खिडकीतून ते मला सारखा हात पालथा-उताणा, पालथा-उताणा करून दाखवत राहिले. त्यांच्या मागच्या सीटवरची एक म्हातारी कौतुकाने त्यांच्याकडे बघत होती. नारळांच्या रांगेपाशी बस वळली आणि मी वर गेले. मधली रांग, उजवीकडून तिसरं.

दुसऱ्या दिवशी टोपली मांडीवर घेऊन मी दा लातच्या बसमध्ये बसले. तिकडच्या बसमध्ये चढताना बूट काढून पिशवीत घालावे लागतात. अर्धवट वाळलेल्या केळ्यांसाठी काही नियम नव्हता, म्हणून ड्रायव्हर, कंडक्टर आणि पुढच्या सीटवरचे एक निवृत्त दिसणारे गृहस्थ अशा तिघांनी मिळून तो तिथल्या तिथे केला. टोपलीचं तिकीट काढावं लागलं. घाटात टोपलीला सीट होती आणि तिला धरून मी पायरीवर बसले होते. पाठीवर पिशवी टाकून एकटीने जग बघायला निघालेल्या बाईची जी प्रतिमा माझ्या मनात होती, तिच्यात हे कुठे बसत नव्हतं.

दा लातला पोचले तेव्हा पाऊस पडत होता. बरोबर एक वाजता, म्हणजे घरी साडेअकराला, बाबांचा फोन.

“पोचलो आम्ही. ऊन कसं आहे?”

“कडक,” मी म्हणाले. अंगात स्वेटर होता.

“उलटली का?”

“उलटली.”

तिथून सुरुवात झाली. हॉस्टेलच्या गच्चीवर मी दोनदा टोपली मांडली आणि दोनदा ढगाने उचलायला लावली. दुसऱ्या दिवशी मुंग्या आल्या. खोलीत आम्ही सहाजणी होतो. एका डच मुलीने मुंग्यांचा विषय अतिशय नम्रपणे काढला आणि बाकीच्या चौघींनी तितक्याच नम्रपणे तो लावून धरला. इकडे बाबांनी बातमी आळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली होती. लूर्डस आत्याचा चार मिनिटांचा आवाजी संदेश आला: टोपलीभोवती हळदीची रेघ मार, केळ्यांना बोट कमी लाव आणि मासिक पाळीत असशील तर दुसऱ्या कोणाला उलटायला सांग. शेल्डन अंकलनी कस्टमची जबाबदारी घेतली: “एअरपोर्टवर खाण्याची वस्तू म्हणू नको. भेटवस्तू म्हण. आणि डोळ्यांत डोळे घालून बोल.” माझ्या शाळेतली इझाबेल आता कॅनडात असते. तिने हृदय पाठवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी टोपली उचलली, हॉस्टेलच्या मागच्या कचऱ्याच्या पिंपापाशी गेले आणि उलटली. एकदाच, सगळी. आंबली आहेत, असं मी स्वतःला सांगितलं. मग तळ्याला चक्कर मारली, कॉफी घेतली आणि एका बैठकीत एकशे दहा पानं वाचली.

एक वाजता फोन.

“उलटली का?”

“उलटली.”

खोटं बोलायला फारसे कष्ट पडत नाहीत, ते निस्तरायला पडतात. बाबा नुसत्या ‘उलटली’वर भागवणारे नव्हते. कडा काळ्या पडल्या का, चिकटतात का, वास गोड येतो की आंबूस? मी वर्णनं देत गेले. वाचनाचा माणसाला असा उपयोग होतो. माझी केळी रोज थोडी जास्त सोनेरी होत होती. रविवारी बाबांनी चर्चच्या आवारात जमलेल्यांना सांगितलं, सातासमुद्रापलीकडे माझी पोरगी सुकेळी करतेय. लगेच मागण्या नोंदवल्या गेल्या. आणि पाचव्या दिवशी त्यांनी फोटो मागितला.

दा लातच्या बाजारात सुक्या फळांचा अख्खा मजला आहे. एका बाईच्या ताटात वाळवलेली केळी होती. आमच्यासारखी नव्हेत, दाबून चपटी केलेली आणि वर काळे तीळ. मी तीळ झटकून फोटो काढला. बाईने झटकलेल्या तिळांसकट अर्धा किलो माझ्या गळ्यात मारली. फोटो पाठवल्यावर बाबांचा फोन यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

“बघितला,” ते म्हणाले.

“मग?”

“रंग चांगला आलाय.” मग म्हणाले, “तू जेवलीस का?”

“जेवले.”

“बरं. सावकाश ये.”

सहाव्या दिवशी बरोबर एक वाजता फोन वाजला. पडद्यावर ‘बाबा’. मी तळ्याकाठी बाकावर पुस्तक घेऊन बसले होते. फोन कानाला लावला आणि पलीकडून कोणी बोलायच्या आत म्हणाले, “उलटली, बाबा. सगळी उलटली.”

“एलिसा, मी शेल्डन अंकल.”

बाबांच्या फोनवर शेल्डन अंकल कसे, एवढंच मला आश्चर्य वाटलं.

“सकाळी फ्रान्सिस वाडीत गेला होता,” ते म्हणाले. “केळीची सुकी पानं काढायला. तुझ्या सुकेळीला गुंडाळायला लागतील म्हणाला. बावखलाच्या काठी बसलेला दिसला. आम्हांला वाटलं, दमून बसलाय. मी हाकही मारली चहाला.” मग म्हणाले, “डॉक्टर म्हणाले, हार्ट. जागच्या जागीच.”

बावखल म्हणजे आमच्या वाडीतलं पाण्याचं तळं. माझ्यासमोरही एक तळंच होतं. त्यात हंसाच्या आकाराच्या होड्या फिरत होत्या.

“किती पानं काढली?” मी विचारलं.

हा प्रश्न मी का विचारला, मला आजही सांगता येणार नाही. शेल्डन अंकलनी मात्र तो अगदी रीतसर प्रश्न असल्यासारखं उत्तर दिलं. “असतील साठ-सत्तर. जुडी बांधून ठेवली होती बाजूला.”

मग आईने फोन घेतला. ती रडत नव्हती. “ये लवकर. तू येईपर्यंत थांबवणार आहेत. आणि ती त्यांची सुकेळी घेऊन ये गं. विसरू नको.”

मी कालच्या बाईकडे गेले आणि आणखी दोन किलो घेतली. तिने मला ओळखलं आणि हसली. मीही हसले. त्या दिवशी मी बसवाल्याशी, तिकीटवाल्याशी, विमानातल्या शेजारणीशी, सगळ्यांशी नीट बोलले. एकालाही काही सांगितलं नाही. वाटेतल्या प्रत्येक बाकावर बसून मी त्या केळ्यांवरचे तीळ नखाने काढत होते. तिळाला चिकटायची जी शक्ती दिलेली आहे, ती कशासाठी, हे कळत नाही.

मुंबईला कस्टमच्या साहेबांनी पिशवी उघडायला लावली.

“हे काय?”

“भेटवस्तू,” मी डोळ्यांत डोळे घालून म्हणाले.

“मॅडम, ही केळी आहेत.”

“सुकेळी आहेत. वडिलांनी केलेली.”

“वडील कुठायत? बरोबर आहेत?”

“वारले,” मी म्हणाले.

हा शब्द मी तोवर कोणापुढे उच्चारला नव्हता. पहिल्यांदा उच्चारला तो एका सरकारी माणसापुढे, सरळ सरळ खोट्याला लागून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, स्वतः पिशवीची चेन लावली आणि दोन्ही हातांनी ती माझ्याकडे दिली.

विमानतळावरून मी थेट चर्चमध्ये पोचले. शवपेटी उघडी ठेवली होती. अख्खं गाव काळ्या-पांढऱ्या कपड्यांत बसलेलं आणि मधल्या वाटेने मी चाललेली, ढोपरापर्यंत दुमडलेली पँट, पाठीवर अर्ध्या माणसाएवढी पिशवी, तिला बाहेरून बांधलेल्या चपला. कोणीतरी कुजबुजलं, “पिशवी तरी उतरव गं.” पिशवीचे पट्टे कसे सोडायचे, तेच मला आठवेना.

बाबांनी निळा सूट घातला होता. घातला होता म्हणजे, त्यांना तो घातलेला होता. हातात रोझरीची माळ. केस कोणीतरी चुकीच्या बाजूला विंचरले होते.

लूर्डस आत्या शेजारी येऊन उभी राहिली. माझ्या पाठीवर हात ठेवून हळूच म्हणाली, “सुकेळी आणलीस?”

मी मान डोलावली.

“एक त्याच्या खिशात ठेव. तुझ्या हाताने.”

मी आईकडे बघितलं. ती नाही म्हणेल, चर्चमध्ये असं काही चालत नाही म्हणेल, असं मला वाटलं. आई म्हणाली, “मोठं बघून ठेव.”

मी पिशवीत हात घातला आणि दा लातच्या बाजारातलं एक चपटं केळं माझ्या वडिलांच्या कोटाच्या खिशात ठेवलं. खिशाच्या काठावर एक तीळ राहिला होता. तो मी बोटाने टिपला. समोरच्या बाकावरच्या बायका त्या क्षणी रडल्या. त्यांना वाटलं, मी बाबांच्या छातीवरून हात फिरवला.

यानंतर माझी कीर्ती वाढतच गेली. आजवर मी आळीत ‘एवढी शिकून लग्न न केलेली’ होते. आता ‘परदेशात बापाची केळी उलटत बसलेली’ झाले. उरलेली सुकेळी आत्याने ताब्यात घेतली. बाबांनी काढून ठेवलेल्या त्याच पानांत तिने एकेक गुंडाळली आणि सातव्या दिवसाच्या प्रार्थनेनंतर सगळ्यांना वाटली. लोकांनी डोळे मिटून खाल्ली. “फ्रान्सिसच्या हाताची चव,” शेल्डन अंकल म्हणाले. “लाखात ओळखेन मी.” मला सांगायचं होतं, पण तोंडात घास असलेल्या माणसांना असं काही सांगता येत नाही.

मृत्यूचा दाखला काढायला गेले. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, मृत्यूचं ठिकाण काय लिहू, घर की वाडी? वाडी म्हटलं तर सर्व्हे नंबर लागेल, सातबारा लागेल. घर म्हटलं तर काहीच नको. मी म्हटलं, वाडीतच झालं. त्या त्रासल्या. “वाडीत काय करत होते सकाळी सकाळी?”

“केळीची सुकी पानं काढत होते.”

“कशासाठी?”

फॉर्ममध्ये तो रकाना नव्हता. त्यांनी सहज विचारलं होतं. माझ्या मागे अकरा माणसं उभी होती. त्यांच्याकडे बघून त्या म्हणाल्या, “राहू दे, घर लिहिते,” आणि लिहिलं.

त्या दिवशी संध्याकाळी मी फादरांना सगळं सांगून टाकायचं ठरवून चर्चच्या ऑफिसात गेले. तिथे ज्युली नावाची मुलगी मिस्सांची, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधींची, वही सांभाळते. लग्नसराई होती, वही भरलेली. बाबांना जाऊन महिना होईल तेव्हाच्या मिस्सेला शनिवार सकाळ साडेसहाशिवाय वेळ नव्हती. ती नोंदवून होते तोवर फादरच बाहेर आले. “एलिसा, बरं झालं भेटलीस. मी प्रवचनात तुझंच उदाहरण घेतोय.”

“फादर, मला त्याबद्दलच—”

“संकोच करू नकोस. नाव घेणार नाही. ‘एक मुलगी’ म्हणेन.”

आणि ते आजाऱ्याला भेटायला स्कूटरवरून निघून गेले.

शनिवारी सकाळी साडेसहाला चर्च भरलं होतं. फादरांनी नाव घेतलं नाही. ‘आपल्याच उमेळ्यातली, ग्रंथपाल असलेली, नुकतीच व्हिएतनामहून आलेली एक मुलगी’ एवढंच म्हणाले. दूर देशी, एकटी, ऊन-पावसाची पर्वा न करता ती पित्याने सोपवलेलं काम रोज करत राहिली. पिता आता तिला दिसत नव्हता, तरीही ती करत राहिली, आणि श्रद्धा म्हणजे तरी दुसरं काय? बाकांवरून माना माझ्याकडे वळल्या. मी बुटांकडे बघत होते.

मिस्सेच्या शेवटी कुटुंबातर्फे कोणीतरी आभार मानायचे असतात. आई म्हणाली होती, “तू बोल. तू वाचणारी आहेस.” मी यादी लिहून नेली होती. फादर, गायकवृंद, शवपेटीला खांदा देणारे, शेल्डन अंकल, मंडपवाले. माईकने एकदा शिट्टी मारली, मग गप्प झाला. मी मंडपवाल्यांपर्यंत पोचले आणि यादी संपली.

“ती सुकेळी बाबांची नव्हती,” मी म्हणाले.

वर पंखे फिरत होते.

“बाबांची केळी मी तिसऱ्या दिवशी टाकून दिली. आंबली आहेत असं मी स्वतःला सांगितलं होतं. आंबली नव्हती. रोज फोनवर मी खोटं बोलत होते. तुम्ही खाल्लीत ती बाजारातली होती. बाबांच्या खिशात आहे तेही.”

“ठाऊक आहे गं,” पहिल्या बाकावरून लूर्डस आत्याचा आवाज आला. तिला माईक कधीच लागला नाही. “तीळ होते त्यांना. आपल्याकडे कोणी सुकेळीला तीळ लावलेत का?”

“मला तर चव तीच वाटली,” शेल्डन अंकल मागून म्हणाले.

“तू गप्प बस. बावीस वर्षं डब्यातलं खाल्लंयस तू.”

कुठेतरी कोणी हसलं आणि खोकल्यावर घातलं. मी आत्याकडे बघत होते. “तुला केव्हा कळलं?”

“फोटोतच. फ्रान्सिसनेच मोठा करून दाखवला मला. म्हणाला, ताई, हे बघ, तीळ.” ती आईकडे बघून मग माझ्याकडे वळली. “खूप हसला.”

“बाबांना ठाऊक होतं?”

“त्याला केळ्यातलं कळत नव्हतं का?”

“मग पानं काढायला कशाला गेले?”

“मीही तेच म्हटलं त्याला. तर म्हणाला, ती काहीतरी घेऊन येईलच ना. ते तसंच उघडं ठेवायचं का लोकांपुढे?”

फादर वेदीपाशी हात जोडून उभे होते. आईने चष्मा काढला होता. मला खाली उतरायचं होतं, पण मी यादीच्या कागदाची घडी घातली आणि माईकपाशीच उभी राहिले. समोर दीडशे माणसं होती आणि त्यांतल्या कोणाशी मला बोलायचं नव्हतं.

“बाबा,” मी म्हणाले. माईक चालूच होता. “तुमची बस वळली तेव्हा मला बरं वाटलं होतं. गेले एकदाचे, असं वाटलं होतं. मला एकटीलाच राहायचं होतं. मला वाटलं होतं, घरी तर तुम्ही असणारच आहात.”